वर्गात न बसता, परीक्षा देऊन संगणकाची पदवी: गोव्यात नोकरी करणाऱ्याने कोणता मार्ग धरावा?

रातपाळी (कांदोळी) यांचा प्रश्न

नमस्कार. मी डिचोली तालुक्यातला. तंत्रनिकेतनातून संगणक अभियांत्रिकीची पदविका घेतल्यापासून कांदोळी भागातील एका रिसॉर्टच्या आयटी विभागात नोकरीला आहे. वायफाय, खोल्यांच्या आरक्षणाची प्रणाली, बिलिंगचा सर्व्हर, सीसीटीव्ही हे सगळे आम्ही तिघे मिळून सांभाळतो. रात्री उशिरा रेस्टॉरंट, बार आणि खोल्या यांची बिले एकमेकांशी ताडून दिवसाचा हिशेब बंद करावा लागतो. ते काम पूर्वी हाताने होत असे, आता माझी पायथनमधील स्क्रिप्ट ते करते आणि न जुळणाऱ्या नोंदी तेवढ्या वेगळ्या काढून देते. तेव्हा काम येत नाही असे माझ्याबद्दल कोणी म्हणणार नाही. तरीही विभागप्रमुखाची जागा निघाली, तेव्हा ‘किमान पदवीधर’ या अटीपाशीच माझा अर्ज अडला.

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेणे मला शक्य नाही, कारण ते शिक्षण पूर्णवेळ आहे आणि घर माझ्या पगारावर चालते. मध्यंतरी असे वाचनात आले की अमेरिकेत एखाद्या विषयाची परीक्षा थेट देऊन, तासांना न बसता, त्या विषयाचे क्रेडिट (पदवीसाठी मोजले जाणारे अभ्यासाचे एकक) मिळवता येते आणि अशी क्रेडिट जमवून काही जण वर्ष-दीड वर्षात संगणकशास्त्राचे पदवीधर होतात. ज्याला नेटवर्किंग आणि प्रोग्रामिंग आधीच येते, त्याच्यासाठी हे सोयीचे वाटते. असा मार्ग गोव्यात राहून घेता येतो का? घेतला तर त्या पदवीवर गोवा कर्मचारी भरती आयोगाच्या परीक्षेला बसता येईल का? आणि तो मार्ग बंद असेल, तर आपल्याकडे त्याच्या जवळपास जाणारे काय आहे? पुढे एमसीए, म्हणजे संगणकातील पदव्युत्तर पदवी, करण्याचाही विचार आहे. एक अडचण आधीच सांगतो. डिसेंबरमध्ये आम्हांला रजा मिळत नाही. नाताळ आणि नववर्षाच्या दिवसांत तर ती मागण्याचीही पद्धत नाही.

पेडणेकर (न्यू जर्सी)

भाऊ, आपण वाचले ते खरे आहे, परंतु त्यातला महत्त्वाचा भाग सांगायचा राहून जातो. कॉलेज बोर्ड ही अमेरिकी संस्था १९६७ पासून ‘क्लेप’ नावाच्या परीक्षा घेते. बहुतेक परीक्षा दीड तासाच्या आणि बहुपर्यायी असतात; गुण २० ते ८० या पट्टीवर मिळतात आणि ५० गुणांना क्रेडिट द्यावे, अशी अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची शिफारस आहे. ती शिफारसच आहे, बंधन नव्हे. क्रेडिट घ्यायचे की नाही आणि किती घ्यायचे, हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवते. ‘डीएसएसटी’ ही दुसरी परीक्षामाला मूळची सैनिकांसाठी काढलेली होती, आता ती सर्वांना खुली आहे. न्यू जर्सीतील थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी, कनेक्टिकटमधील चार्टर ओक स्टेट कॉलेज आणि न्यूयॉर्क राज्यातील एक्सेलसियर या तीन संस्था १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला नोकरदार प्रौढांसाठीच उभ्या राहिल्या. पदवीला लागणाऱ्या १२० क्रेडिटपैकी बरीचशी बाहेरून आणू देण्यात त्या उदार आहेत. तरी पहिल्या दोघी शेवटचा समारोपाचा अभ्यासक्रम आपल्याकडूनच पूर्ण करून घेतात.

आता संगणकाकडे येऊ. क्लेपच्या यादीत थेट संगणकाची म्हणावी अशी परीक्षा एकच आहे, ‘इन्फर्मेशन सिस्टिम्स’. गणितात कॉलेज अल्जिब्रा, कॅल्क्युलस वगैरे आहेत. डीएसएसटीत संगणक व माहिती तंत्रज्ञानाची एक आणि सायबर सुरक्षेच्या मूलतत्त्वांची एक परीक्षा मिळते. डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, संगणकाची रचना, डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, म्हणजे ज्यांच्यामुळे पदवीला संगणकशास्त्राची पदवी म्हणायचे, ते विषय या परीक्षांत नाहीत. ते अभ्यासक्रम म्हणून रीतसर घ्यावे लागतात, मग ऑनलाइन का होईना.

मग परीक्षांनी वेळ वाचतो तो कुठे? अमेरिकी पदवीत इंग्रजी लेखन, इतिहास, मानसशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र अशा सर्वसाधारण विषयांचा मोठा वाटा असतो, आणि लोक परीक्षा देऊन झटपट उरकतात तो मुख्यतः हा वाटा. आपल्याकडच्या बीसीएत, म्हणजे संगणक उपयोजनाच्या पदवीत, तो मुळातच थोडा असतो. म्हणून ज्या सवलतीचे आपल्याला आकर्षण वाटते, ती आपल्याला येणाऱ्या विषयांना फारशी लागूच होत नाही. नेटवर्किंग येते म्हणून नव्हे, तर अमेरिकेचा इतिहास पाठ आहे म्हणून वेळ वाचतो. शिवाय वर्षभरात पदवी मिळाल्याच्या ज्या कहाण्या असतात, त्यांतील पुष्कळ जणांच्या खात्यात अर्धवट सोडलेल्या कॉलेजची किंवा लष्करी प्रशिक्षणाची क्रेडिट आधीपासून असतात. घड्याळ ते उशिरा लावतात, इतकेच.

वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी हे नावही आपल्या वाचनात आले असेल. तेथे सहा महिन्यांची ठरावीक फी भरायची आणि त्या मुदतीत जमतील तितके विषय पूर्ण करायचे, अशी व्यवस्था आहे. माझ्या कार्यालयातील एकाने ती पदवी घेतली आणि त्याचे भलेही झाले. पण ती सोय मुख्यतः येथे राहणाऱ्यांसाठी आहे.

अध्यापिका (मडगाव)

पेडणेकर यांनी तिकडची बाजू नेमकी मांडली आहे. इकडची मांडण्यापूर्वी प्रश्नकर्त्यांना एक सुचवते: कमीत कमी वेळात पदवी कोठे मिळते, हा शोध थोडा बाजूला ठेवावा आणि ती पदवी पुढे कोणाच्या टेबलावर जाणार आहे, ते आधी ठरवावे. रिसॉर्टच्या मनुष्यबळ विभागाला ‘पदवीधर’ या रकान्यात खूण हवी असते. भरती आयोगाला भारतात मान्य असलेली आणि जाहिरातीत लिहिलेल्या शाखेची पदवी लागते. एमसीएला प्रवेश देणारे विद्यापीठ गणिताचे विषय आणि टक्केवारी पाहते. ही तीन टेबले वेगळी आहेत. परदेशी पदवी पहिल्या टेबलावर चालून जाईलही. सरकारी टेबलावर मात्र समकक्षतेचा, म्हणजे ती भारतीय पदवीच्या तोडीची मानायची का, असा प्रश्न येतो, आणि दूरस्थ पद्धतीने घेतलेल्या परदेशी पदव्यांना भारतीय विद्यापीठ संघाने आजवर समकक्षता देण्याचे टाळले आहे. २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी पदव्यांच्या समकक्षतेसाठी स्वतंत्र विनियम आणले आहेत. त्यांच्याखाली आपली विशिष्ट पदवी बसते का, याचे लेखी उत्तर हाती आल्याशिवाय डॉलरमध्ये एक पैसाही भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे नुसत्या परीक्षा देऊन पात्रता मिळवण्याची परंपरा नाही, असे मुळीच नाही. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची एएमआयई याच धर्तीची होती; माझ्या वडिलांच्या पिढीतील कितीतरी पर्यवेक्षक दिवसा खाणीवर किंवा गोदीत काम करून रात्री त्या परीक्षांचा अभ्यास करत आणि अभियंते म्हणून बढती घेत. परंतु केंद्र सरकारची मान्यता ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी झालेल्यांपुरतीच राहिली. नाएलिट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या संगणक परीक्षांच्या ‘ओ’, ‘ए’, ‘बी’, ‘सी’ या पातळ्या आजही आहेत, आणि ‘बी’ पातळीला केंद्र सरकारच्या नोकरीसाठी एमसीएच्या तोडीची मान्यता आहे. मात्र ते प्रमाणपत्र आहे, विद्यापीठाची पदवी नव्हे. जाहिरातीत ‘पदवी’ लिहिले असेल, तर खिडकीवरचा कारकून वाद घालणार नाही, अर्ज परत करील.

सध्या ज्याला क्रेडिट म्हणतात, त्याचे नियम पुढीलप्रमाणे आहेत. २०२१ मध्ये ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली. वेगवेगळ्या संस्थांतून मिळवलेली क्रेडिट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षे टिकतात. त्याच वर्षीच्या विनियमांनुसार विद्यापीठे एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम् या सरकारी ऑनलाइन मंचावरून करू देऊ शकतात. हे ऐकायला अमेरिकी पद्धतीसारखे वाटते, पण येथे निम्मी क्रेडिट पदवी देणाऱ्या संस्थेतूनच मिळवावी लागतात. थोडक्यात, आधी कोठेतरी प्रवेश घ्या, मग बाहेरची क्रेडिट आणा. सुटी प्रमाणपत्रे साठवून शेवटी त्यांच्या बदल्यात पदवी देणारे खाते भारतात नाही. एनपीटीईएलची (आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची) दहा-बारा प्रमाणपत्रे घेऊन माझ्याकडे येणारी मुले मी दरवर्षी पाहते. त्यांचे ज्ञान खरे असते, पण प्रवेश नसल्यामुळे त्या कागदांना क्रेडिट म्हणून जमा होण्याची जागा नसते.

एनपीटीईएलची रीत आपल्या स्वभावाला जुळेल, असे मात्र वाटते. शिकणे विनामूल्य असते, फी फक्त परीक्षेची. दर आठवड्याचे गृहपाठ २५ गुणांचे आणि केंद्रावर जाऊन द्यायची परीक्षा ७५ गुणांची असते. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम आठ गृहपाठच धरतात, त्यामुळे एखादा आठवडा रातपाळीत बुडाला तरी नुकसान होत नाही.

आता माझी शिफारस. आयआयटी मद्रासची डेटा सायन्स अँड ॲप्लिकेशन्समधील ऑनलाइन पदवी पाहावी. ती २०२० मध्ये सुरू झाली. जेईईची अट नाही, वयाची अट नाही. चार आठवडे गणित, संख्याशास्त्र, संगणकीय विचारपद्धती आणि इंग्रजी यांचे धडे मिळतात, त्यांवरच प्रवेशपरीक्षा होते, आणि ती उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येकाला प्रवेश मिळतो. जागांची मर्यादा नाही. खुल्या गटाला प्रत्येक विषयात ४० आणि एकूण ५० टक्के लागतात. पुढे वर्षातून तीन सत्रे असतात आणि एखादे सत्र सोडून देण्याची मुभा असते, म्हणजे डिसेंबरात परीक्षा येणारे सप्टेंबरचे सत्र आपण कोरे ठेवू शकता. पहिल्या पातळीनंतर प्रमाणपत्र, मग पदविका, मग तीन वर्षांच्या तोडीची बीएससी, मग चार वर्षांची बीएस, अशा पायऱ्या आहेत. मध्येच थांबावे लागले तरी हात रिकामा राहत नाही. व्याख्याने घरी ऐकायची, पण परीक्षा प्रत्यक्ष केंद्रावर. त्यामुळे अर्ज भरताना परीक्षेची शहरे पाहून, कांदोळीहून रात्रीचा प्रवास करावा लागणार आहे का, याचा हिशेब करावा.

फोंड्याचा बीसीए

मॅडमच्या माहितीबद्दल आदर आहे, पण शिफारशीशी मी सहमत नाही. मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीत काम करत इग्नूची, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची, बीसीए केली. आयआयटीचा अभ्यासक्रम उत्तम आहे, यात शंका नाही; परंतु त्यात दर आठवड्याला गृहपाठाची मुदत, दर सत्रात प्रश्नमंजुषा आणि पुन्हा अंतिम परीक्षा असते. ज्याची साप्ताहिक सुटी हंगामात केव्हाही रद्द होते, त्याला आठवड्याची शिस्त पाळता येत नाही, सहामाहीची पाळता येते. प्रश्नकर्त्यांना डेटा सायंटिस्ट व्हायचे नाही, अडलेली बढती सोडवायची आहे आणि पुढे एमसीए करायचे आहे. बीसीए ही त्यासाठी सरळ वाट आहे, कारण एमसीए आता दोन वर्षांचे झाले असून बीसीएवाल्यांचा तेथे स्वाभाविक प्रवेश आहे.

इग्नूचे व्यवहारज्ञान सांगतो. पदवी किमान तीन वर्षांत आणि कमाल सहा वर्षांत पूर्ण करता येते. एक क्रेडिट म्हणजे तीस तासांचा अभ्यास असे विद्यापीठ धरते. सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबर अशा दोन वेळा होतात आणि कोणत्या वेळी किती विषयांना बसायचे, हे आपण ठरवायचे. हॉटेलवाल्याला याहून सोयीचे काय असणार! जूनमध्ये पाऊस सुरू झालेला असतो, पर्यटक ओसरलेले असतात, रजा मागितली तर मिळते. मी जड विषय सगळे जूनमध्ये दिले आणि डिसेंबरला एखादाच ठेवला. आपण तर डिसेंबर पूर्ण सोडला तरी सहा वर्षांची मुदत पुरेल.

कंटाळवाणा भाग गृहपाठांचा आहे. ते हाताने लिहून अभ्यासकेंद्रात दिल्याशिवाय सत्रांत परीक्षा पदरात पडत नाही. आपल्याला सबनेटिंग (नेटवर्कचे लहान भाग पाडणे) झोपेतही येत असेल, तरी त्यावरची उत्तरे रेघांच्या कागदावर लिहून द्यावीच लागतात. देताना पोच घ्या आणि सर्व पाने मोबाईलवर स्कॅन करून ठेवा. निकालपत्रकात गृहपाठाचे गुण न दिसणे ही जुनी तक्रार आहे, आणि अशा वेळी पर्वरीच्या प्रादेशिक केंद्रात पोच दाखवता आली तर बोलणे सोपे होते. दुसरे, प्रात्यक्षिकांना ७० टक्के उपस्थिती सक्तीची असते. आपण दिवसभर सर्व्हरसमोर बसता, हे तेथे सांगून उपयोग नाही. प्रात्यक्षिकांचे वेळापत्रक लागले की त्याच दिवशी वरिष्ठांकडून पाळीची अदलाबदल लिहून घ्या.

अभ्यासाला जागा हवी असेल, तर पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय उत्तम आहे. रातपाळी संपवून घरी गेलो की झोप लागते. मी थेट तेथे जात असे.

रातपाळी (कांदोळी)

सर्वांचे मनापासून आभार. पेडणेकरदादांचे वाचून अमेरिकेचा नाद सोडला. दोन शंका आहेत. माझे काही मित्र म्हणतात की महाराष्ट्रातील दोडामार्गच्या मामाचा पत्ता देऊन नाशिकच्या मुक्त विद्यापीठात नाव घालावे, तेथे सगळे मराठीतून होईल. आणि एका खाजगी शिकवणीने ‘नोकरदारांसाठी दूरस्थ बीटेक, शनिवार-रविवार’ असा संदेश पाठवला आहे. पदविका असल्याने दोन वर्षांत होईल, असे त्यात म्हटले आहे. बीसीएपेक्षा बीटेकचे वजन अधिक, म्हणून मोह होतो.

अध्यापिका (मडगाव)

दूरस्थ बीटेकच्या वाटेला जाऊ नये. अभियांत्रिकीच्या पदव्या दूरस्थ पद्धतीने देण्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निर्णय दिला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२० चे विनियमही तसे अभ्यासक्रम चालू देत नाहीत. त्या निर्णयाने शेकडो किलोमीटर दूरच्या अभिमत विद्यापीठांच्या जुन्या पदव्या एका दिवसात अडचणीत आल्या होत्या, आणि ज्यांच्या बढत्या त्यांवर झाल्या होत्या त्यांना पुन्हा परीक्षेला बसावे लागले. नोकरदारांसाठी बीटेकचा वैध प्रकार वेगळा आहे: तांत्रिक शिक्षण परिषदेने २०२३-२४ पासून मान्यताप्राप्त महाविद्यालयांना सोयीच्या वेळेत वर्ग चालवण्याची मुभा दिली आहे. तेथे प्रत्यक्ष वर्ग भरतात. गोव्यात या वर्षी कोणते महाविद्यालय असे वर्ग घेत आहे, हे पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयात विचारावे, शिकवणीवाल्याला नव्हे.

नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ चांगले आहे, पण राज्याच्या मुक्त विद्यापीठाचे कार्यक्षेत्र त्या राज्यापुरते असते. आधारवर डिचोली आणि अर्जावर दोडामार्ग, अशी पदवी पुढे भरती आयोगाच्या कागदपत्र तपासणीत कोण समजावून सांगणार? इग्नूचे कार्यक्षेत्र देशभर आहे. मुक्त व ऑनलाइन पद्धतीच्या मान्य पदव्या नियमित पदव्यांच्या समकक्ष धरल्या जातील, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. त्या पत्रकाची प्रत अर्जासोबत जोडण्यास हरकत नाही. सरकारी भरतीत कोकणीचे ज्ञान आवश्यक असते, हे आपणांस माहीत असेलच.

फोंड्याच्या बंधूंचे म्हणणे मला निम्मे पटले. बढती हाच तातडीचा हेतू असेल, तर बीसीए घ्यावी. मात्र नोंदणी झाल्यावर डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स आणि अल्गोरिदम हे दोन विषय एनपीटीईएलवरून समांतर करावेत, क्रेडिट मिळो वा न मिळो. एनआयटीच्या एमसीएसाठी निमसेट ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते आणि तिच्यात सर्वांत जड भाग गणिताचा असतो; पदविकेनंतर काही वर्षे गेलेल्या विद्यार्थ्याचे पाऊल तेथेच अडखळते. जुलैच्या सत्रातील एनपीटीईएलचे गृहपाठ चतुर्थीच्या आसपास साचतात. सर्वोत्तम आठ गृहपाठांत बसवायचे असतील, तर सुट्टीचे दोन आठवडे आधीच वगळून मोजावेत.

फोंड्याचा बीसीए

मॅडमनी एमसीएबद्दल सांगितले ते मला मान्य आहे. मी निमसेटला बसलो होतो. गणिताने घाम फोडला.

नोंदणीपूर्वी एक काम आजच करा. दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशासाठी २०२४ पासून डीईबी आयडी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, लागतो. तो ॲकॅडमिक बँकेच्या खात्यावरून निघतो आणि ते खाते डिजिलॉकरमार्फत आधारशी जोडलेले असते. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव एका तऱ्हेने आणि आधारवर दुसऱ्या तऱ्हेने असणे फार सामान्य आहे. रोमन लिपीत परब, नाईक, प्रभू ही आडनावे जुन्या पोर्तुगीज वळणाने लिहिलेली कितीतरी घरांत सापडतील. गोवा बोर्डाच्या बारावीच्या गुणपत्रिकेवर, पदविकेच्या प्रमाणपत्रावर आणि आधारवर वडिलांच्या नावासकट प्रत्येक अक्षर जुळते का, ते पाहा. जुळत नसेल तर आधार दुरुस्त करून घ्या, गुणपत्रिका नव्हे. आधारचे काम काही दिवसांत होते, बोर्डाचे रेंगाळते. जुलैच्या प्रवेशाची मुदत बहुधा वाढते, पण त्या भरवशावर राहू नका. आयडी हातात आला की येथे कळवा, अभ्यासकेंद्र निवडताना प्रात्यक्षिकांची प्रयोगशाळा कोणत्या केंद्रावर रविवारी चालते ते सांगतो.